सुट्या भागांतून जुळवलेली 10 मीटर एअर रायफल: काही महिन्यांच्या वापरानंतर

वॉल्थर एलजी 400ची वापरलेली ॲक्शन (बॅरल आणि ट्रिगरसकट मुख्य यंत्रणा), तिच्याखाली वेगळा घेतलेला ॲल्युमिनियमचा स्टॉक (दस्ता), टेक-एचआरओची बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), सेंट्राची मागची साइट (नेम धरायचं भोक) आणि तिच्यावर गेहमानची आयरिस (ते भोक लहान-मोठं करणारी चकती), अशी ही जुळवणी. उन्हाळ्याचा कडाका आणि पुढचा अख्खा पावसाळा तिने पाहिला आहे. 10 मीटरवर चांगल्या ॲक्शनची रायफल स्वतःहून सहसा चुकत नाही. गुण जातात ते मापांत, म्हणजे स्टॉक किती लांब, गाल कुठे टेकतो आणि वजन कुठे पडतं यात. सुटे भाग घेऊन रायफल जुळवण्याचा खरा फायदा असा, की ही मापं आपल्या अंगाला बसवता येतात. तोटाही तोच, कारण ती बिघडवताही येतात.

कायद्याचं आधी. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिमी व्यासापर्यंतची आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. 0.53 ग्रॅमचा पेलेट (शिशाची बारीक गोळी) सेकंदाला 170 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा साडेसात ज्यूलच्या थोडी वर भरते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. तरीही रायफल बाहेर नेताना बिल आणि ओळखपत्र बॅगेतच ठेवावं. स्पर्धेच्या नियमांत साइटसकट वजन 5.5 किलोच्या आत हवं. ॲक्शनच्या मागच्या टोकापासून बॅरलच्या दिसणाऱ्या टोकापर्यंतची लांबी 850 मिमीच्या आत हवी. वजनं आणि बॅरलपुढची ट्यूब घेताना हे दोन आकडे समोर ठेवावेत, नाहीतर इक्विपमेंट कंट्रोलच्या (साहित्य तपासणीच्या) टेबलावर ऐन वेळी सुटे भाग काढत बसावं लागतं.

चूक किती महाग पडते, तेही आकड्यांत पाहू. टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर 2.5 मिमी, म्हणून दशांश गुणातली एक पायरी 0.25 मिमीची. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर 800 मिमी धरलं, तर पुढच्या साइटची रिंग 0.1 मिमीने सरकली की टार्गेटवर सव्वा मिमी फरक पडतो, म्हणजे अर्धा गुण गेला. रायफल तिरपी धरल्याचा हिशोबही असाच. 10 मीटरच्या प्रवासात पेलेट साधारण 18 मिमी खाली येतो. साइट सरळ धरून जुळवलेली असेल आणि एखाद्या शॉटला रायफल 5 अंशांनी कलली, तर शॉट दीड मिमी बाजूला जातो. कल असायला हरकत नाही, बऱ्याच चांगल्या नेमबाजांची रायफल थोडी आत कललेली असते. फक्त तो कल प्रत्येक शॉटला तोच राहिला पाहिजे. त्यासाठी रिंगच्या दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या असलेला इन्सर्ट (पुढच्या साइटमध्ये घालायची चकती) लावावा. पैशाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोगी पडलेला भाग हाच.

जुळवणीला सुरुवात करताना हवेचा सिलिंडर काढून ठेवायचा, ॲक्शन रिकामी असल्याची खात्री करायची आणि सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याची खूण) घालायचा. स्टॉकचा आणि ॲक्शनचा बसणारा पृष्ठभाग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करावा. बारीकसा ॲल्युमिनियमचा कीस अडकला तरी ॲक्शनवर ताण येतो. दोन्ही स्क्रू आधी बोटाने लावायचे आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. शेवटचा जोर टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच द्यायचा. ॲलन कीला हाताचा अंदाज पुरत नाही. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या आट्यांत जोरात फिरवला की आटे स्क्रूबरोबर बाहेर येतात. एम6च्या स्क्रूचे किमान 9 मिमी आटे पकडीत असावेत. त्याहून कमी असतील तर लांब स्क्रू घ्यावा. आटे गेलेच तर चांगल्या वर्कशॉपमध्ये हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून मिळतो, आणि तो मूळ आट्यांपेक्षा मजबूत निघतो. ॲक्शन बसली की बॅरल आणि स्टॉक, तसंच सिलिंडर आणि स्टॉक यांच्या मधून कागदाची पट्टी फिरवून पाहावी. ती कुठेही अडली तर तिथे धातूला धातू लागतो आहे, आणि ग्रुप (शॉट्सचा पुंजका) उगाच सरकत राहील.

आता मुख्य काम, स्टॉकची मापं. क्रम चुकला तर आठवडे वाया जातात, कारण प्रत्येक माप पुढच्या मापाला हलवतं.

पहिली येते लांबी. कोपर काटकोनात दुमडून, कोपराच्या आतल्या घडीपासून ट्रिगरवर येणाऱ्या बोटाच्या पहिल्या सांध्यापर्यंतचं अंतर ही फक्त सुरुवात. शूटिंग जॅकेट घातल्यावर यातले एक-दोन सेंटिमीटर कमी करावे लागतात. लांबी जास्त असेल तर खांदा ताणला जातो आणि रायफल बाजूला पळते. कमी असेल तर मान पुढे झुकते आणि तासाभरात डोळा थकतो. दुसरी उंची. डोकं सरळ ठेवून डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची आणि डोळे उघडायचे. मागच्या साइटच्या भोकात पुढची रिंग मधोमध दिसली पाहिजे. ती वर दिसली तर बटप्लेट खाली घ्या किंवा साइटखाली राइजर ब्लॉक (साइट उंच करणारा ठोकळा) लावा. मान वाकवून उंची जुळवू नये, हा मोह सगळ्यांना होतो. तिसरा चीकपीस. गालाचं हाड त्याच्यावर टेकलं पाहिजे, दाबून धरायची वेळ येता कामा नये. तो एक मिमीने आत-बाहेर झाला तरी डोळ्याचा मध्य बदलतो आणि ग्रुप आडवा पसरतो.

यानंतर हँडरेस्ट, म्हणजे पुढच्या हातावर टेकणारा भाग. उभ्या पोझिशनमध्ये पुढच्या हाताची कोपर कंबरेच्या हाडावर टेकते. हँडरेस्टची उंची अशी हवी, की रायफल नुसती ठेवली तरी नळी टार्गेटच्या उंचीवर राहील आणि दंडाचा स्नायू लागणार नाही. कसोटी सोपी आहे. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रिंग काळ्या गोळ्याच्या वर गेली तर हँडरेस्ट कमी करा, खाली गेली तर वाढवा. बाजूला गेली तर रायफलला हात लावू नका, पाय फिरवा. ग्रिपचा कोन सगळ्यात शेवटी, मनगट सरळ राहील आणि ट्रिगरवरचं बोट सरळ मागे येईल असा.

प्रत्येक भागावर आखलेल्या खुणा असतात. त्यांचे आकडे वहीत लिहावेत आणि शेजारी फोटोही ठेवावेत. एका वेळी एकच माप, तेही 2 मिमीपेक्षा जास्त नाही, आणि त्यानंतर किमान 60 शॉट्सचा एक पूर्ण सराव झाल्याशिवाय निकाल देऊ नये. नवीन मापाने पहिल्या दहा शॉट्सना गुण वाढतात, कारण लक्ष जास्त असतं. त्या वाढीवर विश्वास ठेवणाऱ्यांचे स्टॉक वर्षभर स्थिर होत नाहीत.

वजनांचं तसंच. बॅरलच्या पुढच्या टोकाला 50-100 ग्रॅम लावले की होल्डिंग शांत दिसतं, पण साठ शॉट्सच्या फेरीत शेवटच्या वीसांना पाठ बोलू लागते. तोल पुढच्या हाताच्या किंचित पुढे ठेवावा आणि वजन वाढवायचं तर आधी मागे, बटप्लेटजवळ वाढवून पाहावं. बॅरलवरची वजनं बॅरलच्या मध्यरेषेपासून कोणत्याही बाजूला 30 मिमीच्या आत बसली पाहिजेत, हाही नियम आहे.

ट्रिगरबद्दल थोडंच. दोन टप्पे, एकूण वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, पहिला टप्पा दुसऱ्यापेक्षा जड. पहिला टप्पा हलका ठेवला तर घाईच्या शॉटला बोट सरळ दुसऱ्या टप्प्यातून निघून जातं. सुटल्यानंतर ट्रिगर मागे फार जात असेल तर स्टॉप स्क्रू थोडा आत फिरवावा, पण पूर्ण आवळू नये, नाहीतर कधी सुटेल याचा भरवसा राहत नाही.

साइटमध्ये पुढची रिंग किती मोठी घ्यावी यावर वाद चालतो. काळ्या गोळ्याभोवती पांढरी कड स्पष्ट दिसावी, एवढंच पाहावं. बहुतेकांना 3.8 ते 4.3 मिमीमध्ये काहीतरी जुळतं. फार घट्ट रिंग घेतली की डोळा केंद्र शोधत बसतो आणि शॉट लांबतो. आयरिसचं भोक 1.1 ते 1.2 मिमीजवळ ठेवून सुरुवात करावी. आपल्याकडच्या जुन्या ट्यूबलाइटच्या रेंजवर ते थोडं मोठं करावं लागतं. बालेवाडीसारख्या उजळ हॉलमध्ये पुन्हा लहान करावं लागतं. रेंज बदलली की झिरोइंग (साइटची जुळवणी) थोडं हलतं, हे गृहीत धरून सायटिंगच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या चाचणी शॉट्सच्या, 15 मिनिटांत ते उरकावं.

पेलेटवर मात्र कंजूषी नको. आरडब्ल्यूएस आर10, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच, तिन्ही चांगले आहेत. पण त्यांची डोकी 4.48 ते 4.51 मिमी अशा बारीक फरकांत येतात, आणि तुमच्या बॅरलला कोणतं आवडेल ते आधी सांगता येत नाही. रायफल शिकंज्यात बांधून प्रत्येक डबीतून दहा-दहा शॉट्सचे किमान तीन ग्रुप मारावेत. एका पेलेटचं भोकच साडेचार मिमीचं असतं, म्हणून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 7 मिमीच्या आतला ग्रुप मिळाला तर तो लॉट उचलायचा, आणि डबीवरचा लॉट नंबर बघून वर्षभराचा साठा एकदम घ्यायचा. त्याच नावाचा पुढचा लॉट तसाच निघेल असं नसतं. शिकंज्यात ग्रुप छान आणि हातात वाईट, तर दोष पेलेटचा नाही.

वेगातला चढउतार क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पाहावा. शॉटमागे 5 मीटर प्रतिसेकंदाचा फरक टार्गेटवर वर-खाली सुमारे एक मिमी दाखवतो. रेग्युलेटर (हवेचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) गळका असेल तर थोडा वेळ थांबून मारलेला शॉट नेहमी वर जातो. वापरलेली ॲक्शन घेताना हे सगळ्यात आधी तपासावं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावं, पेट्रोलियम तेल कधीही नाही. दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

सिलिंडर 200 बारपर्यंतच आणि सावकाश भरावा. घाईने भरला की हवा तापते आणि थंड झाल्यावर दाब चांगलाच खाली आलेला दिसतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तो ठेवू नये. 25 अंशांवर 200 बार असलेला सिलिंडर 60 अंशांवर 220च्या पुढे जातो. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. 10 वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि वापरलेल्या रायफलीबरोबर येणारे सिलिंडर बरेचदा त्याच वयाचे असतात. सौद्यात ही किंमत वजा करावी.

पावसाळ्याने मात्र परीक्षा घेतली. कंप्रेसरच्या फिल्टरमधला वाळवणारा मसाला ओला झाला की पाणी सिलिंडरमध्ये जातं, आणि ते रेग्युलेटरला पोचलं की दुरुस्तीचा खर्च मोठा. भरण्याआधी रेंजवाल्यांना फिल्टर कधी बदलला ते विचारायला लाजू नये. स्टीलचे बारीक स्क्रू आणि साइटची रेल दमट हवेत तांबूस होतात. किनारपट्टीवर तर घामाचं मीठ आणि ॲल्युमिनियम मिळून स्क्रूभोवती पांढरी पूड धरते. सरावानंतर कोरड्या कापडाने पुसून बॅगेत सिलिका जेलच्या दोन मोठ्या पिशव्या ठेवाव्यात, आणि रायफल बॅगेत बंद ठेवण्यापेक्षा कोरड्या कपाटात कुलूपबंद ठेवावी. शिशाचे पेलेटही दमटपणात पांढरे पडतात, डबी घट्ट लावावी. त्या शिशामुळेच सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

बॅरल साफ करायला फेल्टचे बोळे पुरतात, एका डबीमागे एकदा, मागून पुढे. ब्रश आणि तेल दोन्ही नको.

बटप्लेट आणि चीकपीसचे स्क्रू पहिल्या काही आठवड्यांत ढिले होतात. रोज न हलवायच्या स्क्रूंना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर लावलं की प्रश्न मिटतो. ट्रिगरच्या आणि साइटच्या स्क्रूंना ते लावू नये.

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 साली कैरोत याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून महागडी रायफल घेण्याची घाई आपल्याकडे वाढल्यासारखी दिसते. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिलं वर्ष क्लबची रायफल वापरावी आणि आपली मापं वहीत उतरवावीत. ती स्थिर झाली की आधी ॲक्शन आणि चांगली मागची साइट घ्यावी, मग बटप्लेट. ॲल्युमिनियमचा स्टॉक सर्वांत शेवटी, आणि तोही चीकपीस दोन्ही दिशांना सरकणारा असेल तरच.