इंजिन तेच, नंबर मात्र दुसरा: ८१,००० रुपयांची फसवणूक

जुन्या मारुती झेनमध्ये मारुतीच्याच एस्टीम गाडीचे १२९८ सीसीचे इंजिन बसवून देतो असे सांगून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ८१,००० रुपये घेतले आणि गाडीतले ९९३ सीसीचे मूळ इंजिन जागचे हलवलेसुद्धा नाही. त्याने त्यावर चंदेरी रंग मारला, ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा, नंबर ग्राइंडरने घासून काढला आणि त्या जागी दुसराच नंबर ठोकला. पैसे गेल्याचा संताप आहेच. पण माझ्या नावावरच्या गाडीच्या इंजिनावर आज खाडाखोड केलेला नंबर आहे आणि त्याचा जाब पोलिसांपासून परिवहन कार्यालयापर्यंत सगळे मलाच विचारतात, हे अधिक झोंबते. तक्रार प्रलंबित असल्यामुळे त्याचे नाव देत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण याच पद्धतीने तो पुढचे गिऱ्हाईक गाठणार याविषयी मला शंका नाही.

हे वाचून काहीजण हसतील, म्हणून आधीच सांगतो की इंजिन बदलण्याची कल्पना काही वेडगळ नव्हती. माझी झेन १९९७ची, कार्बुरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग), ५० अश्वशक्तीची. सुरुवातीच्या एस्टीमचे इंजिनही कार्बुरेटरचेच, आठ व्हॉल्व्हचे, ६५ अश्वशक्तीचे, त्याच कंपनीचे आणि त्याच घराण्यातले. एवढ्या हलक्या गाडीत ही वाढ चांगलीच जाणवते, वायरिंग आणि ईसीएमची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) भानगड नसते, आणि असे बदल केलेल्या गाड्या हौशी मंडळींकडे वर्षानुवर्षे आहेत. नेमकी हीच गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली. दोन्ही इंजिने बाहेरून सख्ख्या भावांसारखी दिसतात. पुढच्या काळातले सोळा व्हॉल्व्हचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन मागितले असते, तर हेडचे, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचे, झाकण पाहताच लबाडी उघडी पडली असती. ते मी मागितले होतेच, पण 'साहेब, त्याला वायरिंग आलं, सेन्सर आले, कशाला डोक्याला ताप करून घेता' असे म्हणून त्यानेच मला कार्बुरेटरवाल्याकडे वळवले. तेव्हा तो सल्ला मला प्रामाणिक वाटला होता.

हिशेब असा. इंजिन ५२,००० रुपये. त्यातून माझे जुने इंजिन तो भंगारात घेणार म्हणून ८,००० वजा, म्हणजे ४४,०००. मजुरी १६,५००. फ्री-फ्लो सायलेन्सर ९,८००. कार्बुरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) बदलून ट्यूनिंग ४,२००. आणि आरसी बुकावर नवा नंबर चढवून देण्याचे ६,५००. एकूण ८१,०००. यातले ५०,५०० रुपये यूपीआयने गेले, तेही गॅरेजच्या नव्हे तर एका तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यात. उरलेले ३०,५०० रोख. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जादा पडतील असे ऐकवून त्याने कच्च्या पावतीवर भागवले. ज्या गॅरेजचे नाव आणि पैसे घेणाऱ्या खात्याचे नाव जुळत नाही, तिथे एक रुपयासुद्धा देऊ नका. आणि जुने इंजिन 'एक्स्चेंज'मध्ये मुळीच सोडू नका. ते तुमच्यासमोर जमिनीवर ठेवलेले दिसले पाहिजे. त्या ८,००० रुपयांच्या सवलतीचा अर्थ मला फार उशिरा कळला: जे इंजिन गाडीतून निघालेच नव्हते, ते पाहायला मी येऊ नये, एवढ्यासाठी ती सवलत होती.

मी कागद पाहिले नाहीत असे कोणी म्हणू नये. भंगारात निघालेल्या म्हणून सांगितलेल्या एका एस्टीमच्या आरसीची झेरॉक्स मी मागून घेतली, आणि गाडी ताब्यात घेताना ब्लॉकवरचा नंबर तिच्यावरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून तपासला. तो तंतोतंत जुळला. सगळे जाणकार 'नंबर जुळवून बघा' एवढेच सांगतात. मी ते केले. पण ज्याच्या हातात झेरॉक्स आहे आणि आकडे ठोकायच्या पोलादी पंचांचा संच आहे, त्याच्यासाठी नंबर जुळवणे हे दहा मिनिटांचे काम असते, हे मात्र कोणीच सांगत नाही. आता सांगतो. नंबर वाचू नका, नंबराखालचा पृष्ठभाग पाहा. ओतीव ॲल्युमिनियमवर कंपनीने केलेली सपाट पट्टी एकसारखी असते. माझ्या ब्लॉकवर त्या जागी तिरके ओरखडे होते, दोन आकडे रेघ सोडून खाली उतरले होते आणि रंगाचा थर इतरत्र होता त्याहून जाड होता. रंग ताजा असेल तर थिनरने पुसायला लावा. त्याने नकार दिला तर तिथूनच परत फिरा.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. गाडी घ्यायला गेलो तेव्हा बॉनेट उघडे होते आणि मी मोबाइलची बॅटरी लावून खाली वाकून पाहत होतो. सगळे इंजिन चकचकीत दिसत होते, पण इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगच्या बोल्टांच्या डोक्यांभोवती वर्षानुवर्षांची चिखल-तेलाची काळी पपडी जशीच्या तशी होती. पाना लागलेल्या बोल्टाच्या कडा चमकतात, त्यावरची घाण तुटते. हे न कळण्याइतका मी गाड्यांना नवखा नाही. मी विचारलेही. तो हसून म्हणाला, 'साहेब, माउंटिंग जुनंच ठेवलं, चांगलं होतं.' माउंटिंग जुने ठेवले तरी बोल्ट खोलावेच लागतात, हे त्याच क्षणी माझ्या डोक्यात यायला हवे होते. ते आले नाही, कारण तेवढ्यात त्याने गाडी सुरू केली आणि त्या नव्या सायलेन्सरच्या आवाजाने सगळे प्रश्न बुजवून टाकले. त्याहून मोठी खूण तर हिशेबाच्या कागदावरच होती. ज्या माणसाने सायलेन्सरच्या क्लॅम्पचेही पैसे लावायचे सोडले नव्हते, त्याने गिअर ऑइलचे आणि कूलंटचे पैसे मागितलेच नाहीत. इंजिन खरोखर उतरवायचे तर कूलंट काढावे लागते, आणि गिअरबॉक्ससकट उतरवले तर एक्सल ओढताना गिअर ऑइलही सांडते. बिलात काय लावले आहे यापेक्षा काय लावलेले नाही, ते बघा.

गाडी चालवून कळले कसे नाही, असा प्रश्न मला पोलिसांनीही विचारला. कळू नये अशीच त्याने व्यवस्था केली होती. ॲक्सिलरेटरच्या केबलमधली ढील काढून ती ताणली होती, त्यामुळे पाय टेकवताच गाडी उसळायची. इग्निशनचे (ठिणगीचे) टायमिंग पुढे सरकवले होते, कार्बुरेटरमध्ये मोठे जेट घातले होते, आणि आवाजाचे काम सायलेन्सर करत होता. शहरात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी तरतरीत वाटते. पेट्रोल जास्त पिते, तर 'मोठं इंजिन आहे, पिणारच' हे उत्तर तयारच असते. खरे रूप घाटात दिसते. चढावर इंजिन ठोकू लागले, तापमानाचा काटा लाल पट्टीला भिडला आणि हेड आणि ब्लॉकमधले गॅस्केट उडाले. गाडी ओढून आणण्याचे १,८०० रुपये झाले.

दुसऱ्या गॅरेजातल्या वयस्कर मिस्त्रींनी हेड उतरवले आणि काही न बोलता सिलिंडरमध्ये व्हर्नियर (माप घेण्याचे साधन) धरले: बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटर. पिस्टन वरून खालपर्यंत फिरवून मोजले: स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ६१. हे ९९३ सीसीच्या इंजिनाचे माप आहे. १२९८ सीसीच्या इंजिनात ते ७४ आणि ७५.५ भरायला हवे. मापाबद्दलही मी हुज्जत घातली असती, पण तिसऱ्या स्पार्क प्लगच्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, होती. मागे आटे गेले म्हणून ती मीच बसवून घेतली होती. हेडचे फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे), गॅस्केट आणि मजुरी मिळून ११,३५० रुपये गेले. म्हणजे एकूण ९४,१५०, आणि हाती माझीच गाडी, आधीपेक्षा वाईट अवस्थेत.

पोलीस ठाण्यात अंमलदारांनी माझे पूर्ण ऐकून घेतले आणि हा दिवाणी मामला असल्याचे सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आणि शिक्षा दोन्ही आहेत, खोटी वस्तू खरी म्हणून गळ्यात मारून पैसे उकळणे त्यात बसते, असे मी म्हणताच त्यांचा सूर बदलला: परवानगी न घेता इंजिन बदलायला तुम्हीच निघाला होता, मग आधी गुन्हा कोणावर लावायचा? इंजिन बदललेलेच नाही, हीच माझी तक्रार आहे, असे सांगितल्यावर ते म्हणाले की मग ब्लॉकवरचा नंबर वेगळा कसा, आणि ज्या एस्टीमचा तो नंबर आहे ती चोरीची नाही हे कोणी सांगावे. शेवटी एक अर्ज घेतला, त्यावर शिक्का दिला, आणि परिवहन कार्यालयाचे पत्र आणा म्हणून सांगितले. परिवहन कार्यालयात एका खिडकीने दुसरीकडे, दुसरीने निरीक्षकांकडे पाठवले, आणि निरीक्षकांनी गाडीला हातही न लावता सांगितले की नंबर आरसीशी जुळत नाही, पोलिसांच्या अहवालाशिवाय आम्ही काही लिहून देऊ शकत नाही. पोलिसांना त्यांचे पत्र हवे, त्यांना पोलिसांचा अहवाल हवा, आणि मधल्या मध्ये २०२७ साली पुनर्नोंदणीला जाणारी माझी गाडी, जिचे इंजिन कारखान्यातून निघाले तेच आहे, कागदोपत्री संशयित ठरली आहे. गॅरेजवाल्याला मात्र आजवर कोणी साधा फोन करून बोलावलेले नाही. त्याचे शटर रोज सकाळी वर जाते. विमा कंपनीला विचारले, तर नंबरचा घोळ मिटेपर्यंत दाव्याची खात्री देता येत नाही, हे तिने मात्र विनाविलंब कळवले. नकार देण्यात कोणतेही कार्यालय उशीर करत नाही.

त्या ६,५०० रुपयांविषयीही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले, आणि कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा मालकाला आहे, मिस्त्रीला नाही, हे ध्यानात घ्या. त्यामुळे जास्त क्षमतेचे इंजिन 'आरसीवर चढवून देतो' म्हणणारा माणूस जे त्याच्या हातात नाही ते विकत असतो.

ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील, तर तोंडी वाद घालू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपून ठेवा. मी पाठवली आहे, उत्तर आलेले नाही. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि पक्के बिल नसले तरी यूपीआयच्या नोंदी, मोबाइलवरचे संदेश आणि हेड उतरवताना व्हर्नियरसकट काढलेले फोटो मी पुराव्यादाखल जोडले आहेत. समोरच्याने अद्याप नोटीस स्वीकारलेली नाही. ज्यांची गाडी सध्या अशा कोणाच्या गॅरेजात उभी आहे, त्यांनी आजच जाऊन ब्लॉकवरच्या मूळ नंबराचा पेन्सिल छाप घ्यावा, त्यावर तारीख टाकून गॅरेजवाल्याची सही घ्यावी आणि उरलेले पैसे इंजिन साखळीला टांगलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच द्यावेत.