ढिल्या स्टिअरिंगचा शोध: चाक उचलून की चाके जमिनीवर ठेवून?

जुन्या एसयूव्हीचे स्टिअरिंग ढिले वाटू लागले की दोष शोधण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे पुढचे चाक जॅकने उचलून हाताने हलवून पाहणे. दुसरा म्हणजे चाके जमिनीवरच ठेवून एकाने स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने गाडीखाली वाकून एकेक सांधा न्याहाळायचा. माझ्या गाडीला पुढे सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आणि स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारी दात्यांची पेटी) आहे. तिच्यावर मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. बॉक्सऐवजी रॅक, म्हणजे दातेरी आडवी पट्टी, असलेल्या गाडीत तपशील थोडे वेगळे असतील.

चाक उचलण्याची पद्धत बहुतांशी एकट्याला जमते आणि बेअरिंगच्या बाबतीत तिला तोड नाही. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवताना प्ले, म्हणजे सैल हालचाल, लागला, तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष बहुधा बेअरिंगचा, कायम राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या सांध्याचा. गाडीखाली जायचे असेल तर मात्र भक्कम स्टँड हवेतच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये.

या पद्धतीची एक अडचण मला फार जाचली आणि माझे मत तिनेच बदलले. उचललेल्या चाकाला जमिनीचा विरोध नसल्यामुळे ते सहज वळते आणि खऱ्या ओझ्याखाली सरकणारे सांधे स्वस्थ बसून राहतात. माझ्या गाडीत तीन आणि नऊच्या जागी चाक हलवल्यावर किंचित प्ले जाणवला, म्हणून मेकॅनिकच्या आणि माझ्या एकमताने दोन्ही टाय रॉड एंड (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या टोकांचे सांधे) बदलले आणि अलाइनमेंटही करून घेतले. पहिल्याच फेरीत मात्र गाडी वळू लागण्याआधी स्टिअरिंग पूर्वीइतकेच, म्हणजे दोन बोटे, रिकामे फिरत होते.

मग मागच्या चाकांना उटी लावून, हँडब्रेक ओढून आणि इंजिन चालू ठेवून धाकट्या भावाला स्टिअरिंगवर बसवले. त्याने ते हलवताच चाके वळण्यापूर्वी सबंध अ‍ॅक्सल बाजूला सरकताना दिसला. अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडचा चासीकडचा बोल्ट आपल्या भोकात पुढेमागे होत होता. त्याच्याभोवती तांबूस गंजाची भुकटी साचली होती आणि मधोमध घासून चकचकीत झालेले लोखंडाचे कडे दिसत होते. पान्याला तो बोल्ट घट्टच लागत होता, पण भोक लांबट झाले होते. ब्रॅकेट दुरुस्त करून नवे बुश (बोल्टभोवतीचे नळकांडे) बसवल्यावर बहुतेक ढिलेपणा गेला. चाक अधांतरी असताना हा दोष मला कितीही हलवून दिसला नसता असे वाटते.

स्टिअरिंग बॉक्सचा निवाडाही याच पद्धतीने होतो. बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतो पण पिटमन आर्म (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे हलवणारा हात) उशिरा हलतो, तर झीज बॉक्सच्या आत आहे. स्टिअरिंग फिरते पण तो दांडाच मागे राहतो, तर वरचा कपलिंग किंवा युनिव्हर्सल जॉइंट पाहावा. हे न पाहता बॉक्सवरचा स्क्रू आवळण्याची सवय मला खरोखर खटकते. दात्यांची झीज मधल्या भागात सर्वाधिक असते, त्यामुळे मधला प्ले घालवण्याइतका स्क्रू आवळला की दाते कडेला जड होतात आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही.

जमिनीवरच्या पद्धतीतही काळजी लागते. इंजिन चालू असताना हात पंख्यापासून आणि हलत्या रॉडपासून दूर ठेवावा, आणि शंका वाटेल तो सांधा इंजिन बंद करून, स्टिअरिंग हळू हलवायला सांगून बोटांनी चाचपावा. बेअरिंगवरच संशय असेल तर आधी चाक उचलणे रास्त ठरेल. पण सरळ रस्त्यावर गाडी भरकटत असेल, तर निदान पाच मिनिटांसाठी कोणाला तरी स्टिअरिंगवर बसवावे आणि त्यानंतरच सुटे भाग मागवावेत, असे मला वाटते.