परसातल्या कोंबड्या: गावरान वाण जपायचा, क्रॉस काढायचा, की दरवेळी पिल्लं आणायची?

तुमच्याकडे आठ-दहा गावरान कोंबड्या आहेत आणि अंडी पुरत नाहीत अशी घरात तक्रार आहे. शेजारी म्हणतो, एक आरआयआरचा (ऱ्होड आयलंड रेड या तांबड्या विदेशी जातीचा) कोंबडा आणून सोड, पिल्लं दणकट निघतील. पाहुणे म्हणतात, वनराजा या संकरित जातीची पन्नास पिल्लं आण आणि मोकळा हो. तिसरा रस्ता कोणी सुचवत नाही, तो म्हणजे आहे त्याच कळपातून निवड करत जाणं. तिन्ही रस्ते चालतात, पण दोन वर्षांनी तुमच्या खुराड्यात काय उरेल हे तिन्हींत वेगळं आहे.

मी कुठल्या बाजूचा ते आधीच सांगतो. घरचीच कोंबडी घरची अंडी उबवून पिल्लं वाढवते, हे ज्याला हवं आहे त्याने गावरान कळप शुद्ध ठेवावा. क्रॉस काढायचा तर बाजूला काढावा आणि एका पिढीवर थांबावा.

गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते आणि वनराजा परसात शंभरच्या पुढे जाते. आकडे असे शेजारी ठेवले की निकाल लागल्यासारखा वाटतो. पण गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक बसते, एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही आणि नंतर पिल्लांना घारीपासून वाचवत फिरते. तिची न घातलेली अंडी या कामात गेलेली असतात. जास्त अंड्यांसाठी निवडत नेलेल्या जातींतून हे खुडूक बसणंच काढून टाकलेलं आहे. त्यामुळे वनराजा आणली की उबवणी यंत्र, पिल्लांसाठी बल्बची ऊब आणि पहिले काही आठवडे रात्रीची जाग तुमच्या वाट्याला येते. हे जमणार असेल आणि अंडी-मांस विकायचं असेल, तर पिल्लं विकत आणणं हा चांगला मार्ग आहे. केवळ अंडीच हवी असतील तर वनराजापेक्षा ग्रामप्रिया बघा.

फक्त त्या पिल्लांचीच पुढे पैदास करायला जाऊ नका. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वेगवेगळ्या वाणांचा संकर करून तयार केल्या आहेत. संकरित बाजरीचं दाणं राखून पुढच्या वर्षी पेरलं की शेतात उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी सगळी मिसळ दिसते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कोंबडीतही तेच घडतं. पहिल्या पिढीत प्रत्येक पिल्लाला दोन्ही वाणांचा अर्धा-अर्धा वाटा मिळतो, म्हणून ती सारखी दिसतात आणि जोमदार असतात. त्यांचीच पुढची पिढी काढली की वाटे विस्कटतात आणि संकराचा तो जोम निम्म्यावर येतो.

आरआयआरचा कोंबडा गावरान कोंबड्यांवर सोडला की हाच खेळ तुमच्या अंगणात सुरू होतो. पहिली पिढी खरोखर छान निघते. आई गावरान असल्यामुळे उबवण्याची चिंता नसते, पिल्लं वजनाला भरतात, तलंगा, म्हणजे वयात आलेल्या तरुण कोंबड्या, आईपेक्षा जास्त अंडी देतात. नडतं ते नंतर. मी अशाच पहिल्या पिढीतला एक तांबडा, रुबाबदार कोंबडा मोह न आवरल्यामुळे पैदाशीला ठेवला होता. त्याच्या पिल्लांत एकासारखं दुसरं नव्हतं आणि त्यातल्या बऱ्याच कोंबड्या खुडूक बसल्याच नाहीत. ज्या बसल्या त्यांतल्याही काही आठवड्याभरात अंडी सोडून उठल्या. गावरान वाण परत जुळवायला मला बाहेरगावाहून कोंबड्या आणाव्या लागल्या.

क्रॉस काढताना नर कुठला आणि मादी कुठली, याचाही फरक पडतो. माणसात मुलगा की मुलगी हे बापावरून ठरतं, कोंबड्यांत ते आईवरून ठरतं. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, तर कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे तलंगेला तिचं एकुलतं झेड बापाकडून मिळतं आणि आईचं झेड फक्त नर पिल्लांकडे जातं.

कडकनाथचा क्रॉस काढणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या काळ्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्याकडेही काळ्या मांसाची मागणी वाढली. कातडी, हाडं, मांस काळं करणारा जीन प्रभावी आहे, त्यामुळे क्रॉसमध्येही काळेपणा उतरतो. पण झेडवर दुसरा एक जीन असतो, जो हा काळेपणा दाबतो, आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत तो सहसा असतो. समजा कडकनाथचा नर अशा कोंबडीवर सोडला. तलंगांना बापाचं झेड मिळतं, त्या चांगल्या काळ्या होतात. नरांना आईकडून दाबणारा जीन मिळतो आणि ते फिके राहतात. उलट केलं, म्हणजे पिवळ्या पायांचा आरआयआर नर कडकनाथ मादीवर सोडला, तर सगळीच पिल्लं फिकी निघतात. इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट यांनी 1911 मध्ये काळ्या कातडीच्या सिल्की कोंबडीवर हेच दाखवून दिलं होतं. आज मात्र क्रॉसची पिल्लं ‘अस्सल’ म्हणून विकत घेतली जातात आणि पुढची पिढी पांढुरकी निघाली की माणूस खाद्याला दोष देतो.

झेडचा फायदाही करून घेता येतो. प्रत्येक पिसावर आडवे काळे-पांढरे पट्टे असलेल्या प्लायमाउथ रॉक कोंबडीवर आरआयआरचा नर सोडला, तर पहिल्याच दिवशी डोक्यावर पांढरा ठिपका असलेली पिल्लं नर आणि बिनठिपक्याची मादी. पट्टे कोंबड्याच्या अंगावर असतील तर ही ओळख जमत नाही.

आता तिसरा रस्ता. हा संथ आहे, पण माझ्या मते सर्वांत कमी आजमावलेला. आपल्याकडे उलटी निवड होत आली आहे. जत्रेला, नवसाला, पाहुण्यांना सर्वांत भारी कोंबडा आधी जातो आणि मागे उरलेला किरकोळ नर वर्षभर बाप होतो. वजन हा गुण बऱ्यापैकी वारशाने उतरतो, त्यामुळे वजनदार नर दोन-तीन पिढ्या राखला तरी फरक हाताला जाणवतो. अंड्यांची संख्या त्यामानाने कमी उतरते, तिथे धीर धरावा लागतो. आणि कोंबडा अंडी घालत नसला तरी अंड्यांचे निम्मे जीन त्याच्याकडून येतात, म्हणून नर निवडताना त्याच्या आईची अंडी आणि तिने जगवलेली पिल्लं बघायची. त्यासाठी पायात रंगीत कडी आणि एक वही एवढं पुरतं.

या रस्त्यावरचा खरा धोका रक्ताच्या जवळिकीचा आहे. एक नर आणि दहा माद्या असा बंद कळप ठेवला तर दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे 14 टक्क्यांनी वाढतं. तीन नर आणि पंधरा माद्या ठेवल्या की ते 5 टक्क्यांवर येतं. अंडी कमी फुटणं, पिल्लं अशक्त निघणं ही पहिली लक्षणं. दोन नर जास्त पाळायचा खर्च परवडत नसेल तर दुसऱ्या गावातल्या गावरानवाल्याशी नराची अदलाबदल करा. आलेला नर मात्र काही आठवडे वेगळा ठेवा, नाहीतर त्याच्याबरोबर मानमोडीचा रोग आत येईल.

शुद्ध कळपात अचानक पिवळ्या पायांची पिल्लं दिसली तर लगेच शेजारच्या कोंबड्यावर संशय घेऊ नका. पिवळी कातडी अप्रभावी जीनमुळे येते आणि पांढऱ्या पायांच्या आई-बापात लपून राहू शकते. 2008 मधल्या संशोधनात तर हा जीन आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबड्यांत आल्याचं दिसलं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हासाठी आणखी एक वाट आहे. बोडक्या मानेचा गुण एकाच प्रभावी जीनचा आहे आणि अंगावरची पिसं कमी करून तो उष्णता सोसायला मदत करतो. मानेच्या खालच्या बाजूला पिसांचा एक झुपका असेल तर त्या पक्ष्यात हा जीन एकच आहे. असा गावरान नर साध्या माद्यांवर सोडला की निम्मी पिल्लं बोडक्या मानेची निघतात. अंड्यांच्या संख्येमागे अनेक जीन असतात, तिथे असा एक गुण उचलून आणता येत नाही.

कुठलाही रस्ता धरा, नर बदलल्यावर लगेच अंडी उबवायला ठेवू नका. कोंबडीच्या पोटात जुन्या नराचं वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं. तोवरची अंडी घरात खा किंवा विका, आणि तीन आठवडे उलटल्यावरच्या अंड्यांवर तारीख घालून ती बाजूला काढायला लागा.