लेझर की इंक टँक? कागदपत्रांचं काम करणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून टायपिंगचं दुकान टाकू म्हणणारे मला एकच विचारतात: प्रिंटर कुठला घेऊ? दावे, प्रतिज्ञापत्रं, सातबारा एवढंच काम असेल, तर माझं उत्तर लेझर.

इंक टँकमध्ये बारीक छिद्रांतून पातळ शाई उडते आणि कागदात मुरते. लेझरमध्ये शाईच नाही. आतल्या ड्रमवर, म्हणजे फिरणाऱ्या नळकांड्यावर, आधी काही शे व्होल्टचा ऋण प्रभार चढतो. लेझरचा किरण पडेल तिथला तो उतरतो, म्हणजे अक्षर आधी विजेचं तयार होतं, डोळ्यांना न दिसणारं. टोनर ही मुख्यतः प्लॅस्टिकची पूड. तिच्यावरही ऋण प्रभार असतो, त्यामुळं भारलेला भाग तिला लांब ढकलतो आणि ती प्रभार उतरलेल्या जागीच बसते. मग कागदामागचा धन प्रभाराचा रोलर तिला कागदावर ओढतो आणि साधारण २०० अंशाला तापलेला फ्यूझर वितळवून पक्की करतो. म्हणून तर ताजी प्रिंट हाताला गरम लागते, आणि पावसाचा थेंब पडला तरी सही-शिक्क्याखालचा मजकूर पसरत नाही. इंक टँकच्या काही शाया पसरतात, विशेषतः रंगीत.

पण आपल्याकडचा जुलै लेझरलाही सोडत नाही. रीम उघडी राहिली की कागद ओल धरतो, ओल्या कागदावर प्रभार टिकत नाही, आणि अक्षर फिकं, तुटक येतं. मी एकदा अशा वेळी टोनरचं नवं कार्ट्रिज घातलं, तरी तेच. शेवटी बंद रीम फोडली आणि जुन्याच टोनरवर काळीभोर अक्षरं आली. डाग ठरावीक अंतरानं परत परत येत असेल तर मात्र पट्टीनं मोजा. ते अंतर ड्रमच्या घेराएवढं भरलं तर दोष ड्रममध्ये आहे, टोनर बदलून पैसे घालवू नका.

फोटो, शाळेचे प्रोजेक्ट, रंगीत पत्रिका छापायच्या असतील तर इंक टँकच घ्या. रंगीत पानाचा खर्च त्यात बराच कमी पडतो. फक्त तो रोज चालवा. महिनाभर बंद राहिला की हेडमध्ये, म्हणजे त्या बारीक छिद्रांत, शाई वाळते आणि साफ करण्यातच बरीच शाई जाते. लेझर तसाच पडून राहिला तरी चालतो.

लाईटचं तेवढं बघा. फ्यूझर तापताना एकदम शेकडो वॉट ओढतो, म्हणून लेझर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर कधीच लावायचा नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचा.