पोस्टफिक्स ३.९ : समोरच्याचे नियमपालन तपासणारा मेल सर्व्हर

मेल सर्व्हर निवडताना वेग आणि कॉन्फिगरेशनची सोय पाहिली जाते. पण समोरचा सर्व्हर प्रमाणकाप्रमाणे बोलतो आहे की नाही, हे आपला सर्व्हर कुठे आणि किती काटेकोरपणे तपासतो, याची चौकशी सहसा होत नाही. वीत्से व्हेनेमा यांनी लिहिलेल्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची मार्च २०२४ मध्ये आलेली ३.९ ही आवृत्ती मला मोलाची वाटते, ती या तपासणीमुळेच.

एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या प्रमाणकामध्ये मजकूर संपल्याची खूण म्हणजे स्वतंत्र ओळीवरचे एकटे टिंब, आणि त्याच्या आधी व नंतर सीआर-एलएफ ही ओळ संपवणाऱ्या दोन अदृश्य चिन्हांची जोडी असलीच पाहिजे. नुसता एलएफ म्हणजे ओळीचा शेवट असे सर्व्हरने मुळीच धरू नये, सहिष्णुतेच्या नावाखालीही धरू नये, असे एसएमटीपीचे नियम सांगणारा २००८ सालचा दस्तऐवज, आरएफसी ५३२१, स्पष्ट बजावतो. तरीही ‘पाठवताना काटेकोर, स्वीकारताना उदार’ या इंटरनेटच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जॉन पोस्टेल यांच्या १९८० पासूनच्या तत्त्वाला धरून अनेक सर्व्हर, त्यांत पोस्टफिक्सही, ही सवलत देत राहिले. एसईसी कन्सल्ट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधनातून डिसेंबर २०२३ मध्ये तिचा धोका उघड झाला. पाठवणारा सर्व्हर ‘एलएफ, टिंब, सीआर-एलएफ’ हा क्रम साधा मजकूर समजून पुढे सोडतो, घेणारा सर्व्हर मात्र तिथेच पत्र संपले असे धरतो, आणि उरलेल्या मजकुरात दडवलेल्या आज्ञांमधून दुसऱ्याच्याच नावाचे नवे पत्र तयार होते. ते खऱ्याखुऱ्या सर्व्हरकडून आलेले असल्यामुळे एसपीएफची, म्हणजे पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनच्या वतीने पत्र पाठवण्यास अधिकृत आहे का याची, तपासणीही पार करू शकते. उदारपणा दाखवायचा सर्व्हरने आणि फसायचे पत्र वाचणाऱ्याने, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

३.९ मध्ये ‘एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन’ या सेटिंगचे मूळ मूल्य ‘नॉर्मलाइझ’ आहे. म्हणजे पत्राच्या शेवटाची खूण प्रमाणकाप्रमाणेच लागते, पण मधल्या एखाद्या ओळीच्या शेवटी नुसता एलएफ आला तर तो सीआर-एलएफ समजून चालवून घेतला जातो. हा विवेक मला फार आवडला, कारण जिथे पत्राची हद्द ठरते तिथे तडजोड नाही आणि जिथे अर्थ बदलत नाही तिथे अकारण अडवणूक नाही. ज्यांना याहून कडक वागायचे आहे त्यांच्यासाठी ‘रिजेक्ट’ आहे. मात्र तो लावण्याआधी काही दिवस ‘नोट’ ठेवून लॉगमध्ये कोणाची पत्रे अडकतील ते पाहावे. आपल्याच नेटवर्कमधली यंत्रे मुळातच या तपासणीतून वगळलेली असल्याने जुने स्कॅनर आणि स्क्रिप्ट बंद पडत नाहीत, पण म्हणूनच ‘मायनेटवर्क्स’ ही आपल्या नेटवर्कमधल्या यंत्रांची यादी आटोपशीर ठेवली पाहिजे.

माझी तक्रार जुन्या शाखांबद्दल, म्हणजे आधीच्या आवृत्तींच्या मालिकांबद्दल आहे. ३.५ ते ३.८ या शाखांच्या सुधारित आवृत्त्यांत ही सेटिंग आली खरी, पण मुळात बंद ठेवलेली. चालू व्यवस्था मोडू नये हा त्यामागचा हेतू मला समजतो, तरी ‘अपडेट केले’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्याचा सर्व्हर त्यामुळे उघडाच राहतो. त्या शाखा वापरणाऱ्यांनी पोस्टफिक्सची सेटिंग दाखवणारी पोस्टकॉन्फ ही आज्ञा चालवून हे मूल्य आजच तपासावे.