नॅनोव्हीएनए-एच४ : बोटीच्या अँटेनासाठी घ्यावं का?

बोटीच्या व्हीएचएफ रेडिओ सेटवर १६ नंबरला (हाक आणि संकटाच्या चॅनेलला) आवाज जात नाही म्हटलं की बंदरावर आधी सेट खोलतात. खाऱ्या हवेत खरी गोम बहुधा डोलकाठीवर असते, अँटेना, कनेक्टर नाहीतर केबलमध्ये. ती शोधायला ४ इंची पडद्याचं हे व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, म्हणजे अँटेना-केबल तपासायचं यंत्र, घ्यावं का? मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कुठेही बोटींचे सेट दुरुस्त करणाऱ्यानं जरूर घ्यावं. पण त्याचा आकडा वाचता यायला हवा.

एसडब्ल्यूआर म्हणजे किती सिग्नल अँटेनाकडून परततो त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं बरं. साध्या एसडब्ल्यूआर मीटरसाठी सेटमधून पॉवर सोडावी लागते आणि एका वेळी एकाच चॅनेलचं माप मिळतं. हे यंत्र स्वतःचा बारीक सिग्नल सोडून सगळा पट्टा एकदम दाखवतं. सुरुवात १५० आणि शेवट १६५ मेगाहर्ट्झ ठेवा. कॅलिब्रेशन (यंत्राचं माप जुळवणं) रीसेट करून ओपन, शॉर्ट, लोड हे जुळवणीचे तुकडे जोडकेबलच्या टोकाला एकेक लावा, मग डन आणि सेव्ह. यंत्राच्या तोंडाशी कॅलिब्रेट करून नंतर जोडकेबल लावायची सवय वाईट. पट्टा बदलला की सगळं पुन्हा.

१६ नंबर म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. पाव तरंगलांबीची अँटेनाची काडी तिथे साधारण ४८ सेंटीमीटर भरते. आलेखाची दरी (जिथे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी) १५२ वर पडली तर काडी दीडेक सेंटीमीटर लांब आहे. एकदम कापू नका, ५-५ मिलिमीटर काढत मोजा. बंद फायबर नळीच्या अँटेनाला ही सोय नाही. एआयएस (बोटीची ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) त्याच अँटेनावर असेल तर १६२ पाशीही २ च्या आत एसडब्ल्यूआर आहे ना, ते बघा.

आता खरी मेख. केबिनमधून मोजलेला १.२ एसडब्ल्यूआर बघून तांडेल (बोटीचा प्रमुख) खूश होतो, आणि केबल आतून कुजलेली असते. अँटेना केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर मुळात पाणीरोधक नाही. त्यातून शिरलेलं खारं पाणी जाळीतून खाली उतरतं, तांबं काळं-हिरवं पडतं. अशा केबलमध्ये एका दिशेच्या प्रवासात १० डेसिबल गेले की परतणारा सिग्नल २० डेसिबलनं कमी होतो, म्हणून अँटेना मुळी नसला तरी आकडा १.२२ दिसतो! तिकडे २५ वॅटमधले अडीच वॅटच वर पोहोचतात.

यावर उपाय सोपा आहे. वरचं टोक अँटेनापासून सोडा, उघडंच ठेवा आणि खालून एस११ (परतणारा सिग्नल) लॉगमॅगमध्ये, म्हणजे डेसिबलमध्ये, बघा. आकड्याचा निम्मा म्हणजे एका दिशेची हानी. चांगल्या १० मीटर आरजी-५८ (बारीक कोअ‍ॅक्स केबल) ला १५६ पाशी उणे ४ डेसिबलच्या आसपास यायला हवं. उणे १० दिसलं तर केबल फेका, टोक कापून नवा कनेक्टर बसवण्यात अर्थ नाही. नव्या कनेक्टरवर सेल्फ-बाँडिंग टेप खालून वर गुंडाळा, कौलांसारखी वरची कड खालच्यावर आली पाहिजे.

केबल कुठे तुटली ते टाइम डोमेनमध्ये, म्हणजे सिग्नल परतायला लागलेल्या वेळेवरून, कळतं. ५० किलोहर्ट्झ ते ३०० मेगाहर्ट्झ पट्टा घेतला तर आरजी-५८ मध्ये साधारण ३३ सेंटीमीटरपर्यंत बारकावा मिळतो. वेग घटक (केबलमधला सिग्नलचा वेग प्रकाशाच्या किती टक्के) ६६ टक्के घाला. तो ७० वर राहिला तर १० मीटरचं अंतर १०.६ दिसेल.

उणिवा आहेतच. उन्हात पडदा वाचता येत नाही, ओल्या बोटांनी टच नीट चालत नाही. शेजारच्या बोटीनं पीटीटी (बोलायची कळ) दाबली की आलेख नाचतो, तेवढं माप सोडून द्या. यंत्राचं एसएमए तोंड (बारीक आट्यांचा कनेक्टर) लवकर झिजतं, म्हणून त्यावर एक अ‍ॅडॅप्टर कायमचा लावून ठेवा. स्वस्त नकलांमध्ये आतली पत्र्याची झाकणं गायब असतात. काहींत यूएसबी-सीचे दोन ५.१ किलोओहमचे रेझिस्टर नसतात, मग सी-टू-सी केबलनं चार्जिंगच होत नाही, जुनी ए-टू-सी लागते. ३०० मेगाहर्ट्झच्या वर यंत्र हार्मोनिकवर (मूळ सिग्नलच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीवर) चालतं, मापात खरखर वाढते. ८६५-८६७ मेगाहर्ट्झच्या लोरा (कमी पॉवरचा लांब पल्ल्याचा डेटा रेडिओ) अँटेनाची दरी मात्र ठीक दिसते.

सेट चुकूनही याला जोडू नका. २५ वॅटची एक कळ दाबली गेली की पोर्ट संपला. सेटची पॉवर मोजायला वॅटमीटर आणि ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा तुकडा) वेगळा घ्यावाच लागेल.