मूळ प्रत की पडद्यावरची प्रत?

वॉशिंग्टनमधील फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालय १९३२ साली उघडले. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ मधील पहिल्या फोलिओच्या, म्हणजे मोठ्या आकाराच्या एकत्रित छापील आवृत्तीच्या, ८२ प्रती एकट्या त्याच्याकडे आहेत. अभ्यासकापुढे तेथे दोन वाटा असतात: वाचनकक्षात बसून मूळ ग्रंथ हाताळणे, किंवा घरबसल्या डिजिटल छायाचित्रे पाहणे.

केवळ मजकूर हवा असेल, तर छायाचित्रे पुरेशी आहेत. सेक्रेटरी नावाच्या गिचमिड वळणातील हस्तलिखित लावताना एकेक अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ही सोय किती मोलाची, हे मोडी वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मात्र प्रश्न मजकुराचा नसून वस्तूचा असेल, तर मूळ प्रतीला पर्याय नाही. हातकागदामागून उजेड आला की साच्याच्या तारांच्या रेघा आणि जलचिन्ह दिसू लागते, छपाईच्या खिळ्यांचा (धातूच्या अक्षरांचा) दाब जाणवतो, आणि मागाहून घातलेले पान शिवणीपाशी उघडे पडते. साध्या छायाचित्रात यातले बहुतेक हरवते. शिवाय त्या काळी छपाई चालू असतानाच मुद्रिते तपासली जात आणि दुरुस्तीपूर्वीचे तावही फेकून न देता बांधणीत जात, त्यामुळे दोन प्रती सहसा तंतोतंत जुळत नाहीत. शेक्सपिअरच्या छापील प्रतींचे अभ्यासक चार्ल्टन हिनमन यांनी आरशांचे यंत्र बनवून याच ग्रंथालयातील प्रती ताडून पाहिल्या. ते काम एकाच प्रतीच्या छायाचित्रांवर झालेच नसते.

अर्थात वाचनकक्षात शाईचे पेन बाहेर ठेवून पेन्सिल घ्यावी लागते, पण ही अट मला तरी जाचक वाटत नाही.